दारापुढे गाडी उभी राहते अशी खोली

माझे बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यात इंजिनिअर होते. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली हा त्यांचा मुलूख. निवृत्तीला पुष्कळ वर्षं झाली, तरी गाडीत बसले की त्यांचं लक्ष गप्पांत नसतं, रस्त्याच्या कडेला असतं. पाणी कुठून वाहून जातं, मोरी कुठे आहे, डांबर कधी टाकलं असेल. शिकागोजवळ शॉमबर्गला आमच्या टाउनहाऊसमागे एक तळं आहे. त्याच्याभोवती लोक कुत्री फिरवतात, मुलं बदकांना पाव घालतात. आई-बाबा भारतातून आमच्याकडे राहायला आले, तेव्हा बाबा पहिल्याच सकाळी एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "ते तळं नाही गं. पावसाचं पाणी साठवायचा खड्डा आहे. बांधलाय मात्र छान." मी तिथे आठ वर्षं राहत होते आणि मला ते ठाऊक नव्हतं.

त्या जूनमध्ये मी दोन दिवसांची सुट्टी काढली आणि त्यांना सेंट लुईसची कमान दाखवायला न्यायचं ठरवलं. आईने आधीच अंग काढून घेतलं. "मला ती कमानबिमान नको. मी नातीजवळ राहते. तुम्ही दोघं जा आणि खड्डे मोजत या."

इंटरस्टेट हायवेवर तास-दीड तास झाला असेल. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढा मका, मधूनमधून हिरव्या पाट्या. बाबा उजवीकडे बघत होते.

"तो बाजूचा रस्ता कोणता?" त्यांनी विचारलं.

"फ्रंटेज रोड असेल. शेतकऱ्यांसाठी असतो."

"शेतकऱ्यांसाठी एवढा रुंद? आणि काँक्रीट बघ किती जुनं आहे. मघापासून आपल्या बरोबरीने चाललाय. हा नवा रस्ता यायच्या आधी हाच मोठा रस्ता असणार."

पुढच्या थांब्यावर कॉफी घेताना मी फोनवर बघितलं. बाबांचं बरोबर होतं. शिकागोहून निघून थेट कॅलिफोर्नियापर्यंत जाणारा तो जुना रूट सिक्स्टी-सिक्स होता. टी-शर्टांवर, फ्रिजच्या मॅग्नेटवर मी त्याचा आकडा शंभरदा पाहिला होता. तो माझ्या खिडकीबाहेर मक्याच्या कडेकडेने चाललाय, हे मात्र लक्षात आलं नव्हतं.

"मग आपण त्याच्यावरून का जात नाही?" बाबा म्हणाले.

या प्रश्नाला माझ्याजवळ एकच उत्तर होतं, उशीर होईल. ते मी दिलं. "होऊ दे," बाबा म्हणाले. मी एक्झिट घेतली.

जुन्या रस्त्यावर गाडीचा आवाजच बदलला. काँक्रीटच्या सांध्यांवरून चाकं जाताना डप-डप, डप-डप. बाबा सुखावले. दर थोड्या अंतरावर एक गाव यायचं. धान्याचं उंच कोठार, एक चर्च, बंद पडलेला पेट्रोल पंप. आणि प्रत्येक गावाच्या आधी किंवा नंतर एक लांबट, बसकी इमारत. ओळीने दारं, दाराशेजारी एकेक खिडकी. कुठे तिचं गोदाम झालं होतं, कुठे छप्परच खाली आलं होतं.

"ही सगळी मोटेलं ना?" बाबांनी विचारलं. "मोटेल म्हणजे नेमकं काय? हॉटेलपेक्षा काय वेगळं?"

"स्वस्त असतं."

"भाव नाही विचारत मी. बांधणीत काय वेगळं आहे?"

मी काही मोटेलमध्ये कधी राहिले नव्हते. ऑफिसात नवीन आले तेव्हाच टीममधल्या एका पुण्याच्या मुलीने बजावलं होतं, "काही झालं तरी मोटेलमध्ये राहू नको यार, ढेकूण असतात." तेव्हापासून मी नाश्ता देणाऱ्या, कार्डाने दार उघडणाऱ्या हॉटेलांतच उतरत आले. त्या दिवसाचंही बुकिंग तसंच केलेलं होतं.

दुपार कलत आली तेव्हा एका गावाबाहेर ते मोटेल दिसलं. आणि ते चालू होतं. रस्त्याच्या तोंडाशी बाण काढलेली उंच पाटी, बाणावरचे निम्मे दिवे गेलेले. मागे विटांची एकमजली ओळ, पांढरी रंगवलेली दारं. पाटीखाली मोठा फुलांचा वाफा होता, गुलाबी आणि पांढऱ्या पिओनींनी गच्च भरलेला. फुलं इतकी जड की माना टाकून बसलेली. त्या वाफ्याचा आकार काही गोल नव्हता, चौकोनीही नव्हता. काजूसारखा होता.

"थांब, थांब, थांब," बाबा म्हणाले. "आज इथेच राहू."

"बाबा, माझं बुकिंग आहे."

"मग ते तुमचं काय म्हणतात ते कर. कॅन्सल."

ऑफिसात शिरताच फिनाइलच्या वासात मिसळलेला उदबत्तीचा वास आला. काउंटरमागे साठीच्या पुढची एक बाई चष्मा कपाळावर चढवून टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिने इंग्रजीत विचारलं, एक खोली की दोन. बाबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "विचार तिला, अगदी खोलीच्या दारासमोर गाडी लावता येते का."

बाईने घडी अर्धवट सोडली. "लावता येते ना!" ती मराठीत म्हणाली. "त्याच्यासाठीच तर बांधलंय हे."

आम्ही दोघंही बघतच राहिलो. तिला हसू आवरेना. ती गुजराती, पण माहेर नवापूरचं. "आमचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. घरी गुजराती, शाळा मराठी. सातवीपर्यंत मराठीच शिकली मी. इथे बोलायला कोणी नाही, म्हणून गंज चढलाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी म्हण मला. चहा ठेवते. गवती चहा लावलाय मागे कुंडीत, हिवाळ्यात घरात घेते."

चहा पिताना तिने आपलं सांगितलं. नवरा-बायको दोघं मिळून मोटेल चालवतात. मुलगी इथेच, ऑफिसमागच्या दोन खोल्यांत लहानाची मोठी झाली. आता ती दूर, कॅरी नावाच्या गावात औषधांच्या कंपनीत आहे, आणि काका सध्या तिच्याकडे नातवाला बघायला गेलेत.

"तुम्ही नाही गेलात?" मी विचारलं.

"मी दिवाळीनंतर जाईन, ते परत आले की. दोघं बरोबर कसे जाणार? मोटेलला कुलूप नाही लावता येत, बेटा."

बाबांना मात्र त्यांच्या मुद्द्याशी यायचं होतं. "ताई, हे बांधलं कोणी?"

"आम्ही घेतलं तेव्हा जुनंच होतं. तिसरा की चौथा मालक होता आमच्याआधी. ते मला नीट नाही सांगता येणार, भाऊ. पण तुम्हाला एवढी हौस आहे तर सकाळी थांबा. एक बाई येतात फुलांना पाणी घालायला. त्यांना सगळं माहीत."

आम्हाला शेजारशेजारच्या दोन खोल्या मिळाल्या. माझी ऐसपैस होती, बाबांची अरुंद. मी आधी गादीचे कोपरे उलटे करून पाहावे का याचा विचार करत होते, तेवढ्यात पलीकडून हाक आली. मी धावत गेले. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते आणि हसत होते.

"ब्लडप्रेशरची गोळी हातातून पडली. बघ कुठे गेली."

गोळी दाराशी, उंबरठ्याला टेकून पडली होती. बाबांनी ती उचलली, पुन्हा पलंगाजवळ जमिनीवर कडेवर उभी धरली आणि सोडली. गोळी आपली गडगडत दारापाशी.

"खोलीच्या जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार आहे," बाबा म्हणाले. "चुकून नाही झालेला. मुद्दाम दिलेला आहे. राहायच्या खोलीला कोण उतार देतं? तुझ्या खोलीत आहे का?"

आम्ही माझ्या खोलीत तीच गोळी सोडून बघितली. ती जागची हलली नाही.

मग आम्ही बाहेर आलो. ऊन अजून चांगलं होतं. बाबा भिंतीच्या कडेकडेने चालू लागले, विटांवरून हात फिरवत. एका ठिकाणी थांबले. तिथे विटांचा रंग किंचित बदलत होता आणि वरपासून खालपर्यंत एक सरळ सांधा होता. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा तसाच सांधा. एक रुंद खोली, एक अरुंद. रुंद खोल्यांच्या खिडक्या लाकडी, अरुंद खोल्यांच्या ॲल्युमिनियमच्या. ओळीच्या शेवटापर्यंत असंच.

"ही एक सलग इमारत नाहीच," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "आधी सुटी-सुटी घरं होती. मधे मोकळी जागा. नंतर कोणीतरी मधल्या जागा भरून टाकल्या."

"मोकळ्या जागेला उतार कशाला?"

माझ्या गाडीकडे बघून त्यांनी मांडीवर थाप मारली. "गाडी! तिथे गाडी उभी राहायची. पावसाने, बर्फाने भिजलेली गाडी आत आली की पाणी बाहेर जायला नको का?"

मलाही आता गंमत वाटायला लागली होती. मी फुलांच्या वाफ्याकडे गेले, तर पिओनींच्या मधून दोन वाकवलेले लोखंडी दांडे वर आलेले दिसले. जिन्याच्या कठड्याला असतात तसे. ते जमिनीतून निघत होते आणि जमिनीतच जात होते. मी बाबांना बोलावलं. या वेळी ओळखलं मी. वाफ्याचा तो काजूसारखा आकार मी आमच्या भागातल्या जुन्या क्लबमध्ये पाहिला होता.

"बाबा, हा स्विमिंग पूल आहे."

संध्याकाळी मावशीने खिचडी आणि कढी केली. गादीचे कोपरे बघायचं राहूनच गेलं आणि मला चांगली झोप लागली.

सकाळी दार उघडलं तर समोर माझी गाडी, आणि गाडीपलीकडे पाण्याचा पाइप धरून उभी असलेली एक उंच, पाठीत थोडी वाकलेली म्हातारी. पांढरे केस, पुरुषी शर्ट, पायात गमबूट. ऐंशीच्या आसपासची असावी. बाबा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आधीच तिच्याजवळ पोहोचले होते.

"मॅडम," ते आपल्या सरकारी इंग्रजीत म्हणाले, "मी रस्त्यांचा निवृत्त इंजिनिअर आहे. मला एक सांगा, त्या अरुंद खोल्या पूर्वी गाड्या ठेवायच्या जागा होत्या का?"

म्हातारीने पाइपचं तोंड बंद केलं आणि त्यांना नीट न्याहाळलं. "इतक्या वर्षांत हे विचारणारे तुम्ही पहिले," ती म्हणाली. "माझ्या वडिलांनी बांधलंय हे."

मावशीने ऑफिसातून खुर्च्या आणल्या. आम्ही चौघं वाफ्याच्या कडेला बसलो, आणि ती सांगत गेली.

तिच्या वडिलांचं रस्त्याला लागून शेत होतं आणि शेताच्या तोंडाशी एक पेट्रोल पंप. ती जन्मायच्याही आधी शिकागोहून येणारे लोक पेट्रोल भरताना विचारायचे, रात्रभर तुमच्या कुरणात तंबू ठोकू का? तेव्हा हॉटेलं असायची ती गावात, रेल्वे स्टेशनाजवळ. दिवसभराच्या धुळीने माखलेला माणूस, मागे रडणारी मुलं, गाडीच्या टपावर बांधलेल्या गाद्या, अशा अवतारात चकचकीत हॉटेलात शिरायला लोकांना संकोच वाटायचा. वडिलांनी आधी तंबूंना परवानगी दिली. मग स्वतःच लाकडी खोपटी उभी केली. आत फक्त पलंग. पाणी पंपावरून आणायचं, संडास शेताच्या टोकाला.

"मग मी झाले, आणि महायुद्ध संपलं," ती म्हणाली. "सगळ्या देशाला एकदम कुठेतरी जायचं होतं."

लाकडी खोपटी पाडून विटांची घरं झाली. प्रत्येकात नळ, न्हाणीघर, आणि शेजारी गाडीसाठी छप्पर. लोकांचा गाडीत जीव असायचा. झोपताना ती भिंतीपलीकडे आहे हे कळलं म्हणजे त्यांना बरं वाटायचं. पण काही वर्षांतच गाड्या एवढ्या लांब आणि मागे शोभेचे पंख काढलेल्या यायला लागल्या की त्या छपराखाली मावेनात. मागचा भाग बाहेर उन्हात. वडिलांनी एका हिवाळ्यात त्या सगळ्या जागा विटांनी बंद केल्या आणि खोल्या जवळजवळ दुप्पट झाल्या.

"उतार काढला नाही," बाबा म्हणाले.

"वडील म्हणाले, झोपलेल्या माणसाला उतार कळत नाही."

बाबा मनापासून हसले. मग तिने पाटीचं सांगितलं. आधी फळीवर रंगाने लिहिलेलं 'कोर्ट', म्हणजे अंगण, असं काहीसं नाव होतं. मग सगळ्या रस्त्यावर मोटेल हा शब्द आला. मोटार आणि हॉटेल यांची मोट. तिच्या आईला तो अजिबात आवडत नसे, ती म्हणायची, औषधाचं नाव वाटतं. तरी पाटी बदलली. रस्त्यापलीकडे समोरच दुसरं मोटेल होतं; त्या समोरच्याने दिव्यांची पाटी लावली म्हणून यांनी बाणाची लावली. समोरच्याने रेडिओ ठेवले, यांनी टीव्ही. समोरच्याने पूल खणला, तेव्हा वडील आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत आणि मग त्यांनीही खणला. पंधरा मैलांवरच्या गावांतली मुलं तो पूल बघायला यायची. ती त्यातच पोहायला शिकली.

"आई रोज सगळ्या चादरी हाताने धुवायची," ती म्हणाली. "पाहुण्यांना पूल दिसायचा. मागच्या दोऱ्यांवरच्या चादरी नाही दिसायच्या. मी शाळेतून आले की उशांना अभ्रे घालायचे. ओहायो, टेक्सस, ॲरिझोना, गाड्यांच्या पाट्या वाचून वाचून मी भूगोल शिकले. आम्ही स्वतः कुठेच गेलो नाही."

मावशी मान हलवत होती. तिच्यासाठी ते काही नवीन नव्हतं.

मग बाबांनी विचारलं. मला आधी कळलं असतं तर मी कदाचित त्यांना थांबवलं असतं. "मॅडम, मला एक कुतूहल आहे. त्या काळी मी आणि माझी मुलगी, आम्ही असे, या रंगाचे, इथे आलो असतो. तुमच्या वडिलांनी आम्हाला खोली दिली असती?"

मी मावशीकडे बघितलं. मावशी फुलांकडे बघत होती.

"पाटीवर एक शब्द होता," म्हातारी म्हणाली. "'व्हेकन्सी', म्हणजे जागा आहे. आणि त्याच्या डावीकडे 'नो', म्हणजे 'नाही', असा वेगळा दिवा. त्याचं बटण काउंटरखाली होतं. वडील गाडी वळताना खिडकीतून बघायचे, कोण बसलंय, आणि मग ठरवायचे."

ती आठ-नऊ वर्षांची असताना एक गाडी आली. ती पायरीवर बसून अभ्रे मोजत होती. गाडी अगदी नवी, धुतलेली. आत कृष्णवर्णीय कुटुंब. पुढे आई-वडील, वडिलांच्या डोक्यावर हॅट, आणि मागच्या खिडकीत पिवळा फ्रॉक घातलेली, हिच्याच वयाची मुलगी. त्या मुलीचं लक्ष पूलकडे होतं. हिने तिला हात केला. तिनेही केला. आणि मग वर पाटीचा करकर आवाज झाला. तो दिवा पेटताना नेहमी तसा करायचा. पिवळ्या फ्रॉकवाल्या मुलीने वर बघितलं. गाडी थांबलीसुद्धा नाही. वळली आणि परत रस्त्याला लागली.

"त्या रात्री निम्म्या खोल्या रिकाम्या होत्या," ती म्हणाली. "मी जेवताना विचारलं, त्या मुलीला का नाही राहू दिलं? आई उठून भांडी घासायला गेली. वडील म्हणाले, इतर पाहुणे सोडून जातील. एवढंच. माझे वडील वाईट होते असं मला म्हणवत नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही. मला वाटतं, तुम्हाला त्यांनी खोली दिली नसती."

बाबांनी मान डोलावली. "थँक यू," ते म्हणाले. "खरं सांगितलंत." मग त्यांनी इंग्रजीतच पुढे सांगितलं. मी हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. "मी जंगलात सरकारी विश्रामगृहं बांधली. चांगली बांधली, जाड भिंती, मोठे व्हरांडे. ती साहेब लोकांसाठी. आमच्याकडे दिव्याची पाटी नव्हती, चौकीदार होता. पावसात अडकलेला एखादा शिक्षक, बाळंतिणीला घेऊन निघालेले लोक दाराशी यायचे. चौकीदार सांगायचा, जागा नाही. आतल्या चारही खोल्या रिकाम्या असायच्या. तसा नियमच होता."

"आणि तुम्ही?" म्हातारीने विचारलं.

"मी व्हरांडा मोठा करून घेतला. तेवढं माझ्या हातात होतं. व्हरांड्याला नियम नव्हता."

मग मावशीने मराठीतच सुरुवात केली आणि अर्ध्यावर इंग्रजीत गेली. त्यांनी हे मोटेल घेतलं तेव्हा इंटरस्टेट होऊन बराच काळ लोटला होता आणि रस्ता ओस पडला होता. समोरचं मोटेल मात्र अजून चालू होतं. यांचं सामान उतरलं त्याच आठवड्यात समोरच्याने एक फळी टांगली, 'मालक अमेरिकन आहेत'. "मला इंग्रजी वाचता यायचं नाही फारसं," मावशी म्हणाली. "मी ह्यांना विचारलं, काय लिहिलंय? हे म्हणाले, आज ब्रेकफास्ट फ्री. मला खरं कळलं ते वर्षभराने."

"ती फळी मला आठवते," म्हातारी म्हणाली. "तेव्हा मी तुझ्यावरच चिडलेली होते."

"चिडलेली? भाऊ, ही बाई ओरडत आली होती! आम्ही पूल बुजवत होतो. त्याचा विमा झेपत नव्हता, तडे गेलेले, कोण पोहणार? मातीचा ट्रक आला आणि ही इथे उभी राहून ओरडतेय, माझा पूल, माझा पूल! मला वाटलं, हिचं डोकं फिरलंय. मी हिला पाणी दिलं."

"पाणी नाही. तो तिखट चहा."

"मसाल्याचा होता. प्यायली, गप्प बसली, आणि दुसऱ्या दिवशी फावडं आणि ही पिओनीची रोपं घेऊन हजर. म्हणाली, माती टाकलीच आहेस तर निदान लाव काहीतरी. ते वरचे दांडे तिनेच कापू दिले नाहीत."

दोघीही हसायला लागल्या. मी मावशीला विचारलं, ते काउंटरखालचं बटण अजून आहे का. ती मला आत घेऊन गेली. होतं. काळं, गोल, रंगाचे थर चढलेलं. मी दाबून पाहिलं. मावशी म्हणाली, "काही नाही होत. 'नाही'चा दिवा आम्ही आलो तेव्हाच गेलेला होता. ह्यांनी एकदा माणूस बोलावला, तो म्हणाला, नवीन नळी बनवून घ्यावी लागेल. मी म्हटलं, राहू दे, आपलं कुठे फुल होतंय!"

निघताना म्हातारीने बाबांना एक पिओनी कापून दिली आणि देठाला ओला कागद गुंडाळला. बाबांनी ती कपहोल्डरमध्ये उभी केली. मावशीने डब्यात थेपले दिले. खोल्यांचं बिल देताना जी हुज्जत व्हायची ती झाली, आणि पैसे नको म्हणणारी मावशी हरली.

दिवसभर आम्ही जुन्याच रस्त्याने गेलो. मला वाटतं, इंटरस्टेटची आठवण आम्हाला दोघांनाही झाली नाही. आता बाबांना रस्त्याकडेच्या त्या लांबट इमारती वाचता येत होत्या, आणि हळूहळू मलाही. "ती बघ, सुटी घरं आहेत अजून, जोडलीच नाहीत," ते म्हणायचे. किंवा मी म्हणायचे, "बाबा, ही दुमजली आहे, म्हणजे नंतरची." एका मोटेलमध्ये कर-सल्लागाराचं ऑफिस होतं. एकात चर्च होतं, जिथे गाड्या लागायच्या तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या.

दुपारी एका मोठ्याशा गावाच्या टोकाला आणखी एक दिसलं. पाटीवर अक्षरं उरली नव्हती, पण दारांपुढे जुन्या गाड्या उभ्या होत्या. एका दारापाशी लहान सायकल, एका खिडकीत टोमॅटोच्या कुंड्या. हिरव्या गणवेशातली एक बाई, कुठल्याशा हॉस्पिटलात काम करणारी असावी, दारात खुर्ची टाकून बूट काढत बसली होती.

"इथे लोक राहायलाच आलेत," बाबा म्हणाले. "थांब जरा."

मी कडेला घेतली. ते उतरून गेलेसुद्धा. काच खाली करून मी ऐकत होते. त्यांनी आपली ओळख दिली, रस्त्यांचा निवृत्त इंजिनिअर, आणि विचारलं, तुम्ही इथे पाहुण्या आहात की राहता?

बाई हसली. घरभाडं परवडेना म्हणून आठवडाभरासाठी आले होते, म्हणाली. मुलगी तेव्हा रांगत होती. आता ती दुसरीत आहे, ती तिकडची सायकल तिची. शाळेची बस बरोबर दारात येते, हे या जागेचं बरं आहे.

"तुमच्या देशात आहेत का असली मोटेलं?" तिने बाबांना विचारलं.

"फार नाहीत," बाबा म्हणाले. "आमच्याकडे प्रवासाला निघालेला माणूस नातेवाइकांकडे उतरतो."

"आणि ज्याला नातेवाईक नाहीत तो?"

बाबा म्हणाले, "धर्मशाळेत."

तिला तो शब्द कळला नाही. बाबांनी इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. आश्रम नाही, देऊळ नाही, हॉटेलही नाही. कोणीतरी बांधून ठेवलेली जागा, ज्याला बांधणारा ओळखत नाही अशा माणसासाठी. मधे मोठा चौक, भोवती खोल्या. ती आता दुसराही बूट काढून, पाय मोकळे सोडून लक्ष देऊन ऐकत होती. "कोणासाठीही?" तिने विचारलं. बाबा म्हणाले, "तसं म्हणतात. पण तिथेही..." आणि शब्द शोधत थांबले. आत्तापर्यंत त्यांनी पायाच्या टोकाने खडीवर चौकाचा नकाशाही काढायला घेतला होता.

मी इंजिन बंद केलं, थेपल्यांचा डबा घेतला आणि खाली उतरले.